बेभान की बेफिकीर?

नमस्कार श्रोतेहो. सहामाहीनंतरच्या पालकसभेत हमखास कानावर येतं, "मॅडम, ह्याला कशाचं काही वाटतच नाही हो!" हल्ली मोबाइलच्या कृपेने पुढे 'सायकोपॅथ', म्हणजे दयामाया नसलेला माणूस, हा शब्दही येतो. 14 वर्षांच्या पोराला! जाणता डॉक्टर या वयात हा शिक्का मारत नाही. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदानसुद्धा 18 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत.

समजा, सिडकोतल्या एका शाळेत मधल्या सुट्टीत ढकलाढकली झाली आणि एकाचा चष्मा फुटला. ढकलणारे दोघे. पहिल्याचा चेहरा खर्रकन उतरतो, तो काचा गोळा करायला लागतो; उद्या पुन्हा ढकलेल, ते वेगळं. दुसरा म्हणतो, "तो मध्ये आला, मी काय करू?" आणि शांतपणे डबा उघडतो. पहिल्याचं लक्ष आणि हातपाय ताब्यात नाहीत. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, असू शकेल. दुसऱ्या मुलापर्यंत समोरच्याचं दुःख पोचतंय का, हे बघायला हवं. अर्थात एका चष्म्यावरून काहीच ठरत नाही. असं कोरडेपण किमान 12 महिने, घरी, शाळेत, मित्रांत दिसलं तरच तज्ज्ञ ते मोजतात. एडीएचडीची लक्षणं तर वयाच्या 12 वर्षांआधीच दिसलेली असतात. दहावीत अचानक लक्ष उडालं, तर आधी झोप आणि ताण तपासा.

काही मुलांत एडीएचडी आणि कोरडेपण, दोन्ही असतं. उतावळेपणा दोन्हीकडे सापडतो, म्हणून तर गफलत होते.

ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ मार्क डॅड्स यांनी 2006 मध्ये एक गंमत दाखवली. अशा कोरड्या मुलग्यांना चित्रातल्या चेहऱ्यांवरची भीती ओळखता येत नव्हती. 'डोळ्यांकडे बघ' असं सांगितल्यावर येऊ लागली! म्हणजे नजर कुठे जाते, हाही प्रश्न असतो. परिणाम तेवढ्यापुरताच होता, पण मला तो फार बोलका वाटतो.

अशा मुलांवर छडीचा परिणाम कमीच होतो. जमलेल्या गोष्टीची लगेच शाबासकी आणि घरातली ऊब जास्त लागू पडते. 'बापाचा मार खाल्ला की सुधारेल' म्हणणाऱ्या काकांना हे जरूर ऐकवा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या. शाळेत काय दिसतं, हे ते विचारणारच.