भरलेली चालते, रिकामी बंद पडते

(गोणपाटावर मांडलेले सुटे भाग. मागे नाशिकच्या द्वारका चौकाचा गोंगाट.)

हे दोन डिझेल फिल्टर. हा फीड पंप, टाकीतून डिझेल ओढणारा. ही तांब्याच्या वायसरांची पुडी. गेल्या दोन महिन्यांत एकाच पिकअपमधून निघालेला हा ऐवज, आणि यातला एकही भाग बिघडलेला नव्हता. आम्हाला ते कळलं संध्याकाळी. सकाळी कॅमेरा लावला तेव्हा हा नुसता भंगाराचा ढीग होता.

गाडी २००३ची. चार सिलिंडर, डिझेल, जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप. स्कॅनर जोडायला सॉकेट नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही. काय दुखतंय ते आवाजावरून, धुरावरून आणि मालकाच्या बोलण्यावरून ओळखायचं.

(मालक, बॉनेटला टेकून.)

मालक दिंडोरीकडचे. भाजीपाला वाशीला पोचवतात. गॅरेजच्या मिस्त्रींना, आप्पांना सांगतायत:

"आप्पा, भरलेली मस्त जाते. रिकामी येताना कसाऱ्याच्या घाटात बंद पडते. हाताने पंप मारला की चालू होते, दोन वळणं गेली की परत तेच. आणि स्लोला मिसिंग मारते, ते वेगळंच."

'ते वेगळंच' हे मालक सहज बोलून गेले. आधीच्या गॅरेजांनी मात्र दोन्ही तक्रारी एकात बांधल्या आणि पंपाच्या नावावर फाडल्या. पंप उतरवला, कॅलिब्रेट केला, पुन्हा चढवला. त्या पायी दोन रात्री घाटात गेल्या, एक बांधलेलं गिऱ्हाईक सुटलं.

(इंजिन सुरू. गियरची दांडी थरथरतेय. सायलेन्सरमधून काळसर धूर.)

आप्पांनी पाना उचलायच्या आधी पाच मिनिटं नुसतं ऐकलं. शूटिंगच्या दृष्टीने ही पाच मिनिटं कंटाळवाणी होती, तरी आम्ही ती कापलेली नाहीत. नीट ऐका: टक-टक-टक, मग एक खळगा. पुन्हा टक-टक-टक, पुन्हा खळगा. चारातला एक भाऊ काम करत नाहीये.

तो कोणता? इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपचा नट अर्धा वळसा सैल करायचा. एक नंबर सैल केला, इंजिनाचा आवाज पडला. म्हणजे तो सिलिंडर ओढत होता. दोन नंबर, पडला. तीन नंबर सैल केला आणि आवाजात काडीचा फरक नाही. आळशी सापडला.

(नटाखालून उडणारं डिझेल, जवळून.)

इथे आप्पांचा हात बघा, नटाच्या बाजूला आहे, धारेसमोर नाही. दाबाखालची डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. आणि नव्या कॉमन रेल गाड्यांवर हा प्रयोग करूच नये, त्यांच्या पाइपात दाब हजार बारच्याही वर जातो.

(नोजल टेस्टर. हातातली दांडी, वर दाबाचं घड्याळ.)

तीन नंबरचं नोजल टेस्टरवर. दांडी दाबली की टोकातून धुक्यासारखा फवारा सुटायला हवा, आणि सुटताना 'कर्र' असा आवाज. हे बघा काय होतंय. फवारा नाही, थेंब. नळ गळावा तसं गळतंय. थेंबाथेंबाने आत गेलेलं डिझेल नीट जळत नाही, म्हणून तो काळसर धूर, म्हणून तो खळगा. शेजारी नवं नोजल. ऐका. कर्र.

हा आवाज नाशिकला नवा नाही. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात डिझेलची नोजल आणि इंजेक्टर बनत आले आहेत. कंपनीचं जुनं नाव मायको. ते २००८ मध्ये बदललं, पण मायको सर्कलचं नाव नाशिककरांच्या तोंडून गेलं नाही. पाट्या बदलतात, तोंडातली नावं अशी बदलत नाहीत, ते एक बरं.

(नवं नोजल बसलं. इंजिन एकसुरात. मालक चावीसाठी हात पुढे करतात.)

स्लो गुळगुळीत. मालक खूश, आमचंही पॅकअप होत आलेलं. आप्पांनी चावी दिली नाही.

"दादा, हे मिसिंगचं झालं. घाटाचं कुठे झालंय?"

(पारदर्शक नळी.)

टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपच्या जागी त्यांनी हातभर पारदर्शक नळी जोडली. डिझेलसोबत हवा येत असेल तर बुडबुडे दिसतील. रेस दिली. नळीत पिवळं डिझेल, स्वच्छ. एक बुडबुडा नाही. पुन्हा रेस. नाही.

मग तो प्रश्न, जो दोन महिन्यांत कोणी विचारला नव्हता.

"टाकीत डिझेल किती आहे?"

"फुल्ल. गॅरेजला यायचं म्हणून येतानाच भरलं."

"आणि घाटात?"

मालक थांबतात. बोटांवर हिशोब चालतो. नाशकातून निघताना टाकी भरलेली, माल भरलेला. वाशीला माल उतरतो, तोवर डिझेलही उतरलेलं असतं. कसारा चढताना काटा अर्ध्याच्या खाली. रिकामी गाडी बंद पडत नव्हती. रिकामी टाकी बंद पडत होती.

(निळा ड्रम. टाकीतून डिझेल काढताना. मग पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर.)

निम्म्याहून जास्त डिझेल ड्रममध्ये. पुढची चाकं रॅम्पवर. द्वारकेच्या गॅरेजात तयार झालेला हा कसारा घाट. इंजिन चालू, रेस, आणि नळीकडे बघा.

(नळी जवळून. एक बुडबुडा. मग माळ. इंजिन धडपडतं, बंद.)

(टाकी खाली. आतली सक्शन पाइप हातात.)

टाकीतून डिझेल ओढणारी ही पाइप. डिझेलचा काटा हलवणाऱ्या फ्लोटचा, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा, पत्रा जिथे पाइपला जोडलाय, तिथे वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी केसाएवढी चीर गेली. टाकी भरलेली असेल तर चीर डिझेलमध्ये बुडालेली, पाइप डिझेलच ओढते. पातळी चिरेखाली गेली की तीच चीर हवा ओढते. चढावर टाकीतलं डिझेल मागे सरकतं, पाइप पुढच्या अंगाला, आणि इंजिनाला तर नेमकं तेव्हाच जास्त हवं असतं.

(बादलीभर पाणी. पाइपचं खालचं तोंड बंद, वरून हवेची गन.)

डोळ्यांना चीर दिसत नव्हती. पाण्यात दिसली.

या मॉडेलची नवी पाइप दुकानात मिळाली नाही. जुनीच धुऊन, टाकीपासून लांब नेऊन, पितळ भरून घेतली. टाकीजवळ ज्योत न्यायची नाही, रिकाम्या टाकीजवळ तर अजिबात नाही. आतली वाफ पेटते.

(पुन्हा रॅम्प. पुन्हा तेवढंच डिझेल. घड्याळ.)

दहा मिनिटं स्लोला. पाच मिनिटं रेसवर. आप्पांचा चहा आला, गार झाला. नळीत बुडबुडा नाही.

मालकांनी ड्रममधलं डिझेल परत ओतायला घेतलं. आप्पा म्हणाले, "राहू द्या, ड्रम मागे ठेवा. आज अर्ध्या टाकीवरच घाट बघून या."

(पारदर्शक नळी निघते. रबरी पाइप बसते. क्लिपचा स्क्रू आवळताना.)