आधी कोण, मग कोण: झिओलाइटचा नमुना कसा बघायचा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

झिओलाइट, म्हणजे दगडातल्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकांची खनिजं, बघताना बहुतेक जण रंगावर आणि साइजवर जातात, मोठा हिरवा स्फटिक दिसला की तोच उचलायचा असं होतं. रंग मलाही आवडतो, त्यात वाईट काही नाही, पण आज मला तुम्हाला वेगळी सवय लावायची आहे. नमुना हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा, यात आधी कोण वाढलं आणि नंतर कोण. ही सवय लागली ना की साधा, जरा तुटका नमुनासुद्धा तासभर बघत बसावासा वाटतो.

हा प्रश्न का विचारायचा त्यासाठी थोडं मागे जाऊ. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमधे लाव्हाचे थरावर थर पसरले, आजही त्यातला साधारण 5 लाख चौरस किलोमीटर भाग शिल्लक आहे, सह्याद्री त्यातूनच कोरला गेलाय आणि अजिंठा-वेरूळची लेणीही याच काळ्या दगडात, बेसॉल्टमधे, खोदलेली आहेत. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकला, दगड घट्ट झाला आणि पोकळ्या तशाच राहिल्या. मग नंतर, बऱ्याच काळाने, त्या दगडातून गरम पाणी झिरपत राहिलं. बेसॉल्टमधलं कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिका त्या पाण्यात विरघळत गेलं आणि पोकळीच्या भिंतीवर हळूहळू जमत गेलं. पाण्याचं तापमान बदललं, त्यात काय विरघळलंय ते बदललं, की आधीचं खनिज थांबायचं आणि दुसरं सुरू व्हायचं. म्हणजे एकाच पोकळीत वेगवेगळ्या काळाचे थर बसलेत, बाहेरून आत. भिंतीला चिकटलेलं ते जुनं, आतल्या मोकळ्या जागेकडे तोंड केलेलं ते नवं. आणि पोकळी पूर्ण भरली तर स्फटिकाला फेस, म्हणजे सपाट बाजू, मिळतच नाहीत, नुसता पांढरा गोळा तयार होतो, दगडात असे पांढरे ठिपके तुम्ही सगळ्यांनी बघितले असतील. सुंदर फेस तिथेच मिळतात जिथे जागा रिकामी राहिली.

आता हा नमुना बघा, कॅमेरा जवळ घ्या प्लीज. खाली काळा बेसॉल्ट आहे. त्यावर हिरवट पातळ पापुद्रा दिसतोय, तो सेलाडोनाइट, पोकळीचं पहिलं अस्तर. त्यावर हे छोटे छोटे चमकणारे ह्युलँडाइट, मधे रुंद आणि टोकाला निमुळते, दिवा एका बाजूने धरून नमुना सावकाश फिरवा, एका कोनात त्यांचा रुंद फेस एकदम मोत्यासारखा चमकतो आणि लगेच विझतो. त्यावर हा फिक्या पीच रंगाचा स्टिलबाइट, मधे आवळलेली आणि दोन्ही टोकांना फुललेली पेंढी असावी तसा. असा का दिसतो? कारण तो एक स्फटिक नाहीच, जवळजवळ समांतर असलेले पुष्कळ पातळ स्फटिक आहेत, टोकाकडे जाताना प्रत्येकाची दिशा किंचित बदलत जाते. आणि सगळ्यात वर हा पारदर्शक चौकोनी अॅपोफिलाइट. त्याच्या खालच्या बाजूला भिंगातून बघा, स्टिलबाइटचं टोक त्याच्या आत शिरलंय, म्हणजे अॅपोफिलाइट त्याला वेढून वाढला, अर्थात नंतर आला. एवढंसं टोक, पण क्रम त्यानेच सांगितला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, अॅपोफिलाइट हा झिओलाइट नाही. झिओलाइटच्या अणूंच्या सांगाड्यात सिलिकॉनबरोबर अॅल्युमिनियम असतं, सांगाडा तिन्ही दिशांना जोडलेला असतो आणि त्यातल्या बोगद्यांत पाणी असतं. अॅपोफिलाइटची रचना थरांची आहे, म्हणून तो आडवा सुबक फुटतो. वरच्या सपाट फेसवर मोत्यासारखी चमक, बाजूच्या फेसवर काचेसारखी आणि तिथे उभ्या बारीक रेघा, हे तीन बघितलं की घनासारखा दिसला तरी फसायला होत नाही. त्याचा हिरवा रंग थोड्याशा व्हॅनेडियममुळे येतो. ओकेनाइट, गायरोलाइट, प्रेहनाइट, कॅव्हॅन्साइट हेही झिओलाइट नाहीत, पण त्याच पोकळ्यांत राहतात म्हणून संग्रहात एकत्रच असतात आणि तसंच असावं.

पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर, 1756 मधे क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक स्फटिक फुंकनळीच्या ज्वाळेत तापवला तर तो चक्क फेसाळला, आतलं पाणी बाहेर पडत होतं. स्टिलबाइटच्या वजनाचा जवळपास 18 टक्के भाग पाणीच असतो, हातात धरलेल्या कोरड्या दगडात! म्हणून हे नमुने उन्हात, हॅलोजनच्या दिव्याखाली, हीटरजवळ ठेवू नका. लॉमॉन्टाइट नावाचा झिओलाइट तर नुसत्या कोरड्या हवेतही पाणी सोडतो, पांढरा पडतो आणि भुगा होत जातो, तो घेताना हे माहीत असूनच घ्यावा. साफ करायला मऊ ब्रश आणि साधं पाणी बास, अॅसिड तर अजिबात नको, बरेच झिओलाइट हायड्रोक्लोरिक अॅसिडमधे विरघळून जेली होतात. स्कोलेसाइटच्या आणि मेसोलाइटच्या सुयांना ब्रशही नको, फुंकर पुरे. आणि ओकेनाइटचे ते मऊ केसाळ गोळे, त्यांना पाणीही नाही आणि बोटही नाही, एकदा केस चिकटले की परत उभे राहत नाहीत.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो मुद्दा. कृपा करून स्फटिक दगडातून उकरून सुटा करू नका. बाजारात सुटे अॅपोफिलाइटचे टोकदार तुकडे ढिगाने मिळतात, दिसायला छान असतात, पण ते कशावर वाढले, त्यांच्यावर काय वाढलं, सगळं गेलेलं असतं. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हॅन्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोचलाय, हे खनिज 1960 च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनमधे पहिल्यांदा सापडलं, पण उत्तम नमुने वाघोलीचेच. तो पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेला असतो तेव्हा त्याच्यात जो जिवंतपणा आहे तो सुट्या निळ्या गोळीत नाही. शिवाय सुटी गोळी परत दुसऱ्याच दगडावर डिंकाने चिकटवून विकतात, हेही चालतं. बुडाशी भिंगातून बघा, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, बरेचसे गोंद त्यात चमकतात. आणि गडद गुलाबी किंवा निळा ओकेनाइट दिसला तर तो रंगवलेला समजा.

तुटक्या जागेबद्दलही एक सांगतो, स्फटिकाला खोट दिसली की लगेच नाकारू नका, आधी ती खोट कसली ते बघा. ताजा तुटलेला भाग स्वच्छ लखलखतो, पण शेजारच्या स्फटिकाला टेकून वाढलेला असेल तर तिथे शेजाऱ्याच्या फेसचा ठसा असतो, कधी पायऱ्या पायऱ्या असतात. हा ठसा म्हणजे दोघं एकमेकांना टेकून वाढले याचा पुरावा, मी तर असे नमुने मुद्दाम घेतो.

आणि लेबल. 19 व्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा अप्रतिम झिओलाइट निघाले, इंग्लंडला गेले, पण त्या काळच्या कितीतरी लेबलांवर नुसतं ‘पूना’ एवढंच आहे. कुठला डोंगर, कुठली खाण, कुठला थर, काही कळत नाही. म्हणून गावाचं नाव, खाण, शक्य असेल तर किती खोलीवर, कुठल्या महिन्यात मिळाला, एवढं त्याच दिवशी लिहा, कागदावर आणि नमुन्याच्या बुडाशी छोटा नंबर. विहीर खोदताना निघाला असेल तर तसं लिहा, विहिरींतून फार चांगले नमुने निघतात. खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका, आणि सुरुंग लावलेल्या कड्याखाली तर परवानगी असली तरी उभं राहू नका. तिथल्या कामगारांना कुठल्या थरात पोकळ्या मोठ्या आहेत ते नेमकं माहीत असतं, त्यांना विचारा, त्यांनी नमुना जपून काढला असेल तर त्या जपण्याचे पैसे त्यांना मिळायला हवेत.

इंग्लंडमधे ह्युलँड नावाचे एक संग्राहक होते, 1822 मधे ह्युलँडाइटला त्यांचं नाव दिलं गेलं. तोपर्यंत तो आणि स्टिलबाइट यांची सरमिसळ व्हायची, दोन्ही पांढरे, दोन्ही मोत्यासारखे चमकणारे. दोघं एकाच दगडावर असलेले नमुने टेबलावर मांडलेत, भिंगं आणि दिवे पण आहेत. चार-चार जण या, दिवा बाजूने धरा, आणि आधी कोण वाढलं ते मला सांगा, मग आपण प्रश्न घेऊ.