हाकेच्या अंतरावरची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी गेली बरीच वर्षे मोटारसायकलवरून फिरतो आहे. कधी एखादी गाय व्यायला अडलेली असते, कधी लसीकरण असते, कधी कृत्रिम रेतनासाठी बोलावणे येते. मागे औषधांची पेटी आणि बाजूला द्रवरूप नायट्रोजनचे भांडे बांधून मी वाडीवस्ती धुंडाळतो. या फिरण्यात जनावरांच्या इतकीच आणखी एक गोष्ट मला रोज भेटते आणि तिच्याविषयीच आज मला बोलायचे आहे. ती म्हणजे रस्त्याकडेच्या माणसांचे आणि विशेषतः मुलांचे मोटारसायकलस्वाराकडे पाहणे, त्याला हाक मारणे, हात करणे आणि प्रसंगी त्याच्यावर संतापणे.

मोटारसायकलला आपल्याकडे जुनी माणसे अजूनही फटफटी म्हणतात. हा शब्द कोणा पंडिताने घडवलेला नाही. गावात लांबून येणारा आवाज ज्यांनी अंगणात उभे राहून ऐकला, त्यांच्याच तोंडून तो आला असणार. म्हणजे या वाहनाचे नावच मुळी चालवणाऱ्याने ठेवलेले नसून ऐकणाऱ्याने ठेवलेले आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात दोनच मोटारसायकली होत्या. एक राजदूत आणि दुसरी बुलेट. दोहोंचा आवाज आम्ही पोरे ओढ्याच्या वळणापासून ओळखत असू आणि हातातली विटीदांडू टाकून रस्त्याला धावत असू. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. त्यामुळे सुट्टीवर आलेला जवान बुलेटवरून गावात शिरला की रस्त्याच्या कडेला उभी असलेली पोरे त्याला कडक सलाम ठोकत आणि तो जवानही एका हाताने गाडी सावरत तितक्याच गांभीर्याने सलाम परत करी. तो सलाम ज्याच्या वाट्याला येई, त्याला तो दिवसभर पुरत असे. मलाही तो एकदा मिळाला आहे.

मोटारगाडीतल्या माणसाला असे कोणी हाक मारत नाही, कारण त्याच्याभोवती काच असते. एसटीतला प्रवासी उंचावर असतो, ट्रकचालक तर त्याहूनही वर. मोटारसायकलवरचा माणूस मात्र रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उघड्या अंगाने, हाकेच्या अंतरावरून जातो. म्हणूनच ओळख असो वा नसो, रस्त्यावरचा माणूस त्याची काळजी आपली समजतो. याची साक्ष पोवई नाक्यावर, राजवाड्यासमोर किंवा कुठल्याही तालुक्याच्या स्टँडबाहेर पाच मिनिटे उभे राहिले तरी मिळते. गाडीचा साइड स्टँड वर घ्यायचे विसरून कोणी निघाला, की वडापाव तळणारा झारा हातात धरून ओरडतो, रिक्षावाला ओरडतो, समोरून येणारा शाळकरी मुलगा सायकलवरून ओरडतो, "ओ, स्टँड! स्टँड!" डाव्या वळणावर तो उघडा स्टँड जमिनीला टेकला तर गाडी उचलली जाते आणि स्वार फेकला जातो, हे प्रत्येकाने पाहिलेले किंवा ऐकलेले असते. आता अनेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असला तर इंजिन चालूच राहत नाही, ही सुधारणा उत्तमच आहे. पण त्याआधी कितीतरी वर्षे हे काम अनोळखी माणसांच्या गळ्यांनी केले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

दुसरी हाक पदराची. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर किंवा मुलीची ओढणी चाकाकडे लोंबताना दिसली की, "ताई, पदर!" एवढेच शब्द येतात आणि ते पुरतात. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी, मागे बसणाऱ्याला धरायला कडी आणि पाय ठेवायला पायदान असलेच पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. साडी नेसून बसणाऱ्या बायांचा विचार त्या नियमात दिसतो. तरीही काही तरुण मुले गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात आणि पुढे त्याच गाडीवर आईला बसवून यात्रेला नेतात. हे मला पाहवत नाही.

तिसरी खूण दिव्याची, आणि तिची गोष्ट मोठी जिव्हाळ्याची आहे. दिवसा कोणाचा दिवा चुकून चालू राहिला तर समोरून येणारा माणूस हाताची पाचही बोटे मिटून उघडून दाखवतो. बॅटरी उतरेल, दिवा बंद कर, असा तिचा अर्थ. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप चालू राहणे बंधनकारक झाले. त्या वर्षी मी नवी गाडी घेतली होती. साताऱ्याहून मेढ्याला जाईपर्यंत किती हात मिटले आणि उघडले, ते मोजता मोजता मी थकलो. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या एका आजींनी तर भारा एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने खूण केली. मी थांबलो आणि म्हणालो, "आजी, हा दिवा बंदच होत नाही, सरकारनेच तसे केले आहे." त्या म्हणाल्या, "मग तेल जास्त जळंल की रं बाळा." मी त्यांना सांगितले की या दिव्यामुळे समोरच्याला गाडी लांबूनच दिसते. त्यांनी क्षणभर दिव्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हां, तसं आसंल तर बरं हाय." आता लोकांना सवय झाली आहे, पण आडवाटेला एखादा म्हातारा हात अजूनही ती खूण करतो. मी त्याला मान लववून उत्तर देतो. त्याची माहिती जुनी झाली असेल, तरी त्याची काळजी जुनी झालेली नाही.

आता मुलांकडे येतो. जावळीच्या खोऱ्यात किंवा कास रस्त्यावरच्या वाड्यांत मोटारसायकलचा आवाज आला की मुले घरातून बाहेर येतात. त्यांच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत. अगदी लहान मूल आईच्या कडेवरून नुसते बोट दाखवते. पहिली दुसरीतले मूल "टाटा" करते आणि तुम्ही उलट हात केला नाही तर हिरमुसते. पाचवी सहावीतला मुलगा उजवी मूठ पिरगळून दाखवतो, म्हणजे एक्सलेटर वाढवा, आवाज काढा. गाडी थांबली की तो विचारतो, "किती पळती वो ही?" त्यापुढचा प्रश्न हमखास ॲव्हरेजचा असतो, कारण तो त्याने वडिलांच्या तोंडून ऐकलेला असतो. मूठ पिरगळणाऱ्या मुलासाठी मी आवाज काढत नाही. मी हात करतो आणि गाडी हळू करतो.

यामागे कारण आहे. मुलाचे हात करणे आपल्याला गोड वाटते, पण हात करता करता ते मूल एक पाऊल पुढे आलेले असते. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलांना मोठ्यांसारखा बांधता येत नाही. त्यातून मोटारसायकल समोरून पाहिली तर अरुंद दिसते. मोठा ट्रक आणि मोटारसायकल सारख्याच अंतरावरून सारख्याच वेगाने येत असल्या तरी मोटारसायकल अजून लांब आहे असे मोठ्या माणसालासुद्धा वाटते, मग आठ वर्षांच्या मुलाची काय कथा? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद निघून गेलेला असतो. मुलांचे घोळके जिथे उभे असतात तिथे ताशी २० च्या वर मी जात नाही, मग गाय अडलेली असो की काही असो. अलीकडे काही मुले चालत्या गाडीवरच्या स्वाराकडून टाळी घ्यायला हात रस्त्यात लांब करतात. बाहेरून येणाऱ्या हौशी स्वारांनी ती टाळी देऊन देऊन मुलांना ही सवय लावली आहे. अशा वेळी टाळी देऊ नये, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. मुलाचे मन मोडायचे नसेल तर गाडी बाजूला उभी करावी, इंजिन बंद करावे आणि मग खुशाल टाळी द्यावी.

हेल्मेट अत्यावश्यक आहे आणि मी ते कधीही टाळत नाही. पण त्याच्यामुळे माणसाचा चेहरा जातो, हे मला एका लहानग्याने शिकवले. एका गोठ्यात मी घाईघाईने हेल्मेटसह शिरलो, तेव्हा दोन वर्षांचे एक मूल असे किंचाळले की म्हैससुद्धा दावणीला हिसका देऊन मागे सरली. मी बाहेर जाऊन हेल्मेट काढले, ओट्यावर ठेवले आणि खाली बसलो. बराच वेळ ते मूल कधी माझ्या तोंडाकडे तर कधी हेल्मेटकडे बघत राहिले. मग त्याने हळूच काचेवर बोट टेकवले, आत कोणी नाही याची खात्री केली आणि माझ्या गुडघ्याला धरून उभे राहिले. त्या दिवसापासून गावात शिरताना मी हेल्मेटची काच वर करतो. चेहरा दिसला की हाक मारणाऱ्यालाही हाक मारावीशी वाटते.

सगळ्याच प्रतिक्रिया मायेच्या नसतात आणि नसाव्यात. ऑगस्टच्या अखेरीपासून कासचे पठार फुलू लागते. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचे स्थान मिळाले आणि त्यात कासचा समावेश झाला. तेव्हापासून हे पठार पाहायला लांबलांबून लोक येतात, त्यांत मोटारसायकलस्वारांचे थवे असतात. त्यांतले बहुतेक नीटच चालवतात. पण ज्यांनी सायलेन्सर बदलून फटाक्यासारखा आवाज निघेल अशी व्यवस्था केलेली असते, ते यवतेश्वरचा घाट चढू लागले की रस्त्याकडेचे लोक कानांवर हात ठेवतात. चरायला सोडलेल्या म्हशी बिथरतात. एकदा अशा आवाजाने दचकून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई गटारात उतरली आणि तिचा पाय मुरगळला. तिने ज्या शब्दांत त्या पोरांचा उद्धार केला, ते शब्द आकाशवाणीवर सांगता येणार नाहीत, पण त्यातला एकही शब्द मला अनाठायी वाटला नाही. असा सायलेन्सर बसवणे कायद्याने गुन्हा आहे. माझ्या लेखी त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. ज्या आवाजाला मुले धावत बाहेर येत, त्याच आवाजाला आई आता मुलाला आत ओढून घेते.

रस्त्यावरच्या माणसांची खरी ओळख पटते ती स्वार पडतो तेव्हा. भातलावणीच्या दिवसांत चिखलणी करून आलेल्या पॉवर टिलरच्या चाकांनी डांबरावर चिखल पसरला होता आणि पाऊस पडत होता. एका वळणावर माझी गाडी घसरली. मी उजव्या कुशीवर पडलो. शेतात लावणी करणाऱ्या चारपाच बाया डोईवरचा प्लास्टिकचा कागद सावरत बांध ओलांडून आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. मी उठायला लागलो तेव्हा एकीने खांदा दाबून धरला आणि म्हणाली, "डॉक्टर, उठू नगा, आदी बसून ऱ्हावा." दुसरीने इंजिन बंद केले. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण किल्ली कुठे असते हे तिला ठाऊक होते. तिसरी माझे हेल्मेट ओढू लागली, तिला मी थांबवले.

इथे श्रोत्यांना थोडे सांगितलेच पाहिजे. पडलेल्या माणसाचे हेल्मेट ओढून काढू नये, कारण मानेच्या मणक्याला इजा झालेली असेल तर त्या हिसक्याने ती वाढते. श्वास घ्यायला अडथळा होत असेल तरच, एकाने डोके आणि मान स्थिर धरून आणि दुसऱ्याने सावकाश ते काढावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, हा आपला फार जुना आणि फार धोकादायक उपचार आहे. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने पूर्वी माणसे लांब उभी राहत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यामुळे कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. त्या बायांना हे कलम माहीत नव्हते. त्या तशाच धावत आल्या.

माझ्या रोजच्या वाटेवर जिल्हा परिषदेची एक दोन खोल्यांची शाळा रस्त्याला लागून आहे. मधल्या सुट्टीत मुले थेट डांबराच्या कडेला येऊन हात करत. मला ते आवडे आणि त्याची धास्तीही वाटे. शेवटी मी थांबून शाळेतल्या बाईंशी बोललो. त्यांनी मुलांना रागावले नाही. त्यांनी फाटकाच्या आत चुन्याची एक रेघ आखली आणि हात करायचा तो या रेघेच्या आतून, असे ठरवून दिले. रेघेपुढे कमरेइतकी भिंत आहे, तिच्यावरून आता वीसेक हात हलतात. पहिलीतल्या एका मुलीला भिंतीपलीकडचे दिसत नव्हते, म्हणून तिने उभे राहायला एक चपटा दगड आणून ठेवला आहे. मी वेग कमी करतो, काच वर घेतो आणि आधी त्या दगडावरच्या मुलीला हात करतो, कारण उशीर झाला तर दुसरे कोणीतरी दगडावर चढलेले असते.

नमस्कार.