नागपूरची मोठी लाईन, छोटी लाईन

(दृश्य: नागपूर जंक्शन, फलाटांवरची वर्दळ)

नकाशा उघडला की मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मार्ग नागपुरात एकमेकांना छेदताना दिसतात. कुणीतरी मोजूनमापून देशाच्या मध्यावर जंक्शन बसवलं असावं, असंच वाटतं. पण १८६७ साली भुसावळकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी इथवर आली, तेव्हा नागपूर हे शेवटचं स्टेशन होतं. रेल्वेला हवा होता वऱ्हाड-नागपूरचा कापूस. दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथेच सुरू झाली.

छत्तीसगडकडची लाईन आधी मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतराची होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद रुळांची ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन केली. इटारसीचा मार्ग त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९२०च्या दशकात आला, आणि बल्लारशा-काझीपेठ दुवा १९२९ मध्ये जोडला गेल्यावर दिल्ली-मद्रास वाट सलग झाली. आजची दगडी इमारत त्याआधीची. १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी तिचं उद्घाटन केलं.

(दृश्य: डायमंड क्रॉसिंग, वरून)

स्टेशनच्या उत्तरेला ही प्रसिद्ध फुली आहे. इथून गाडी चारही दिशांना वळते, असं सांगणारे बरेच भेटतात. वळत नाही. डायमंड क्रॉसिंगवर गाडी फक्त सरळ पलीकडे जाते. रूळ बदलायचा तर सांधे, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे सरकते रूळ, वेगळ्या ठिकाणी असतात. एका मार्गावर गाडी असली की दुसऱ्याचा सिग्नल लालच. रुळांना छेद असल्यामुळे चाकांना तिथे दणके बसतात, म्हणून वेगही आवरावा लागतो. देशात असं क्रॉसिंग हे एकच का, या वादात आपण पडायला नको.

(दृश्य: मोतीबाग, नॅरोगेजची इंजिनं)

आमच्या मते या शहराची खरी गंमत छोट्या लाईनीत, म्हणजे नॅरोगेजमध्ये होती. रुळांमधलं अंतर अडीच फूट. इतवारीहून एक फाटा सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याला, दुसरा उमरेड आणि मिरचीचं भिवापूर घेत नागभीडला. मोठ्या लाईनीने नागपूर कलकत्त्याला जोडलं खरं, पण आठवडी बाजाराचं गाठोडं, दवाखान्याची फेरी, माहेरपण हे सगळं छोट्या लाईनीच्या डब्यात असायचं. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. छिंदवाड्याला आता ब्रॉडगेज जाते. जुनी इंजिनं पाहायची तर मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाच.

(दृश्य: इतवारी, मग अजनी)

जुन्या दोन कंपन्यांची वाटणी मात्र अजून पुसलेली नाही. जंक्शन आणि अजनी मध्य रेल्वेकडे. इतवारी, कळमना, कामठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. दोन्ही झोनच्या विभागांना नाव एकच, नागपूर, आणि दोन्ही विभागांची मुख्यालयंही याच शहरात. जंक्शनवर गर्दी मावेना, तशा काही गाड्या अजनी आणि इतवारीहून सुटू लागल्या. इतवारीचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे, रिक्षावाल्याला मात्र नुसतं इतवारी सांगितलं तरी पुरतं. अजनी दक्षिणेला तीनेक किलोमीटर, इतवारी शहराच्या पूर्व भागात. तेव्हा नागपूरहून गाडी आहे एवढ्यावर निघू नका. तिकिटावर स्टेशन कोणतं छापलंय ते बघा, मगच रिक्षात बसा.