भरलेली गाडी, सुट्टीची गर्दी

सुट्टीच्या गर्दीत अपघात झाला की रस्त्याला, नाहीतर समोरच्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. आज मी आपल्याच गाडीबद्दल बोलणार आहे. रोज एकट्याने चालवायची गाडी आणि पाच माणसं, डिकीभर बॅगा घेऊन निघालेली गाडी, या दोन वेगळ्या गाड्या समजा. दुसरीवर तीनशे किलोंहून जास्त वजन वाढलेलं असतं.

आधी टायर. ड्रायव्हरच्या दाराजवळ, खांबावर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक वेळा हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीच्या भाराचा, दुसरा पूर्ण भाराचा. हा दुसरा आकडा फार कुणी वाचत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते, त्यातून उष्णता साठते आणि दोन-तीन तास वेगात धावल्यावर टायर फुटू शकतो. हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. स्टेपनीचीही हवा बघा.

मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं ते यासाठीच. आकडा वाढवला की झोत खाली येतो. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ते कशाचं आहे हे ठाऊक नसतं!

घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड तापतात, पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते हवेतला ओलावा शोषून बसलेलं असतं. मग ते लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबा आणि सोडा. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना हात जोडावेत. तापलेल्या चाकांवर पाणीही ओतू नका, ब्रेकची डिस्क वाकू शकते.

आता अंतर. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच ३३ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट. मधे कुणीतरी घुसणारच, ही तक्रार खरी आहे. पण दहा गाड्या घुसल्या आणि दर वेळी तुम्ही मागे सरलात, तरी अर्धाच मिनिट जातो.

झोप सर्वात फसवी. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप ढिलं पडतं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने ती हटत नाही. सुरक्षित जागी थांबून कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्याउठल्या चावी फिरवू नका, दहा मिनिटं चाला, मग निघा.