राष्ट्रपती भवनाचं घरखर्चाचं पान

१ फेब्रुवारीची सकाळ. दिल्लीत थंडी अजून गेलेली नाही. अर्थमंत्री लाल कव्हरमधला टॅब घेऊन राष्ट्रपती भवनात पोचतात, कारण बजेट संसदेत मांडण्याआधी इथं येऊन राष्ट्रपतींना भेटायची पद्धत आहे. २०२४ मध्ये आणि परत २०२५ मध्ये इथला एक फोटो सगळीकडे फिरला होता बघा, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू चमच्यानं निर्मला सीतारामन यांना दही-साखर भरवतायत, म्हणजे अगदी आपल्याकडे दहावीच्या पेपरला निघालेल्या पोराच्या हातावर आई ठेवते ना, तस्सं.

आता गंमत बघा. त्या टॅबमध्ये अख्ख्या देशाचा हिशेब आहे, लाखो कोटींचा, आणि त्यातच कुठंतरी आत, एका पानावर, हे दही ज्या घरात भरवलं गेलं त्या घराचाही वर्षाचा खर्च आहे.

आज ते पान उघडूया.

शोधायला तसं सोपं आहे. खर्चाच्या यादीत मंत्रालयं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली असतात, त्यामुळे पॉवर संपलं की प्रेसिडेंट आणि मग पुढं रेल्वे. वीज आणि रेल्वे या दोन हत्तींच्या मधोमध ही एक मुंगी. नाव बघा कसलं भारदस्त: राष्ट्रपतींचा कर्मचारीवर्ग, घरकारभार आणि भत्ते. आत काय, तर राष्ट्रपतींचा पगार, घर चालवणाऱ्या लोकांचे पगार, सचिवालयाचा खर्च, आणि राष्ट्रपतींना स्वतःच्या अखत्यारीत मदत म्हणून देता येते ती थोडी रक्कम. वर लेखाशीर्ष २०१२. हे साल नाही बरं का, हा हिशेबाचा नंबर आहे आणि तोच नंबर आपल्या महाराष्ट्राच्या बजेट पुस्तकातही सापडतो कारण राज्यपालांचा खर्चही याच शीर्षाखाली पडतो.

महाराष्ट्राची ती पुस्तकं ज्यांनी चाळलीत त्यांना दोन शब्द पाठ असतील. दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे ज्या खर्चावर सभागृहात मतदान होतं तो. भारित म्हणजे ज्यावर मतदान होत नाही, थेट तिजोरीवर टाकलेला. राष्ट्रपतींच्या घराचा खर्च हा भारित. राज्यघटनेच्या कलम ११२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, सोबतीला सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार आहेत, कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा पगार आहे, सरकारी कर्जावरचं व्याज आहे. कलम ११३ पुढं सांगतं की मतदान नाही, पण चर्चेला बंदी नाही. म्हणजे एखाद्या खासदाराला वाटलं की राष्ट्रपती भवनाचा खर्च फार झालाय तर तो उभा राहून बोलू शकतो, फक्त कापू शकत नाही.

का बरं असं? सोसायटीची एजीएम आठवा. वॉचमननं चेअरमनच्या मेहुण्याची गाडी गेटवर अडवली, तर पुढच्या मीटिंगला पहिला विषय काय येतो, वॉचमनचा पगार. घटना लिहिणाऱ्यांना हेच नको होतं. राष्ट्रपतींनी एखादं बिल परत पाठवलं आणि पुढच्या बजेटात त्यांच्या सचिवालयाची तरतूद अर्ध्यावर आली, असं व्हायला नको. आणि कलम ५९ मध्ये आणखी एक कुलूप आहे, कारकीर्द चालू असताना राष्ट्रपतींचा पगार कमी करता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पण मतदान नाही म्हणजे हिशेब नाही असं समजू नका, ही चूक बरेच जण करतात. पैसे तिजोरीतून काढायला विनियोजन कायदा लागतोच, भारित असो की दत्तमत. ऑडिटही होतं. आणि बजेट बनवायचा रगाडा तर तोच, जो कुठल्याही सरकारी ऑफिसला चुकत नाही. पावसाळा संपता संपता अर्थ मंत्रालयाचं बजेट सर्क्युलर येतं, मग प्रत्येकानं तीन रकाने भरायचे: गेल्या वर्षी प्रत्यक्षात काय लागलं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज काय, पुढच्या वर्षी काय मागताय. त्यानंतर बैठका, त्यात मागितलेल्यातलं थोडं छाटलं जाणार हे धरूनच आधी थोडं वाढवून मागायचं, हे सगळ्यांना माहीत आणि समोरच्यालाही माहीत.

मी स्वतः काही वर्षं एका सरकारी ऑफिसच्या अकाउंट्सला काढलीत त्यामुळे मार्च एंड काय चीज असते ते विचारू नका. एका वर्षी शेवटच्या आठवड्यात अखर्चित रक्कम परत जाईल या भीतीनं इतके पंखे घेतले गेले की लावायला छतच उरलं नाही, पुढचे दोन पावसाळे ते खोक्यात पडून होते आणि त्या खोक्यांवर आमचा शिपाई डबा खायला बसायचा. केंद्राचा यावर सर्वसाधारण नियम आहे, शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर खर्च नको आणि एकट्या मार्चात १५ टक्क्यांवर नको. या नियमात राष्ट्रपती भवनाचं एक बरं आहे. या पानावरचा मोठा भाग पगाराचा, आणि पगार काही मार्चात तुंबत नाही, तो महिन्याच्या महिन्याला जातो.

पगारावरून आठवलं.

१९५० साली राष्ट्रपतींचा पगार ठरला महिना १० हजार. घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीतच तो आकडा होता. नंतर कायदा करून वाढत गेला, पण कसा, तर एसटी घाट चढते तसा. २००८ मध्ये ५० हजारांचे दीड लाख झाले. मग १ जानेवारी २०१६ पासून सातवा वेतन आयोग लागू झाला आणि एक भलताच प्रकार झाला. कॅबिनेट सचिवांचा पगार अडीच लाख. लष्कर, नौदल, हवाई दल, तिन्ही प्रमुखांचा अडीच लाख. आणि या तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती म्हणजे राष्ट्रपती, त्यांचा दीड लाखच. दोन वर्षं हे असंच चाललं. शेवटी २०१८ च्या बजेट भाषणात अरुण जेटलींनी राष्ट्रपतींना ५ लाख, उपराष्ट्रपतींना ४ लाख आणि राज्यपालांना साडेतीन लाख जाहीर केले आणि ते मागच्या तारखेपासून लागू झाले.

त्या ५ लाखांवरूनही पुढं एक किस्सा झाला. जून २०२१, रामनाथ कोविंद प्रेसिडेन्शियल ट्रेननं कानपूरकडे आपल्या गावी निघालेले, वाटेत झिंझकला थांबून लोकांशी बोलताना म्हणाले की मला महिन्याला ५ लाख मिळतात पण त्यातले पावणेतीन लाख टॅक्समध्ये जातात. झालं, सगळा सोशल मीडिया कॅल्क्युलेटर घेऊन बसला. मीपण बसलो. वर्षाचे ६० लाख, ३० टक्क्यांचा स्लॅब, वर सरचार्ज, वर सेस, कितीही ओढलं तरी महिन्याला दीड लाखाच्या आसपासच येतं. बाकीचे सव्वा लाख काही मला सापडले नाहीत.

आता २०२०. कोविड आला, एप्रिलमध्ये मंत्री आणि खासदारांचे पगार वर्षभरासाठी ३० टक्के कापले गेले. मगाशी म्हणालो ते कुलूप आठवतंय? राष्ट्रपतींचा पगार सरकार कापूच शकत नव्हतं. म्हणून तो त्यांनी स्वतःहून सोडला, तेवढाच, ३० टक्के, एका वर्षासाठी. आणि १४ मे ला राष्ट्रपती भवनानं एक यादीच जाहीर केली, ती मला फार आवडते, कारण सरकारी भाषेत काटकसर म्हटलं की बहुतेक वेळा नुसती हवा असते, इथं वस्तूंची नावं होती. समारंभासाठी घ्यायची नवी लिमोझिन पुढं ढकलली. त्या वर्षात नवं बांधकाम नाही, चालू आहे तेवढंच पुरं करायचं. कागद कमी, वीज आणि इंधन जपून. देशातले दौरे कमी. स्वागत समारंभांना पाहुणे कमी, सजावटीला फुलं कमी, आणि जेवणाचा मेन्यूही छोटा. असं सगळं मिळून बजेटच्या २० टक्क्यांच्या आसपास वाचेल असा अंदाज होता.

फुलं कमी, ताटात पदार्थ कमी. वाचताना असं वाटलं की घरातल्या कर्त्या बाईनं केलेली यादी आहे, लॉकडाऊनमध्ये आपल्या प्रत्येक घरात झाली तशी.

पण २० टक्के कशाचे? इथं खरी गोम आहे.

हे घर बघा. ३३० एकरांचा परिसर, ३४० खोल्या, १९१२ ला काम सुरू होऊन १९२९ ला संपलं. एवढ्या वास्तूचा, एवढ्या गवताचा, एवढ्या माणसांच्या सुरक्षेचा खर्च त्या एका पानात मावेल का? नाही मावत, आणि तो तिथं नसतोच. इमारतीची डागडुजी आणि बागा बघणारा विभाग म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम, तो गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयाखाली. दारात ते उंच घोड्यांवरचे जवान दिसतात ना, प्रेसिडेंट्स बॉडीगार्ड, १७७३ पासूनची ही तुकडी, ती लष्कराची, म्हणजे संरक्षण खातं. बाहेरच्या रस्त्यावर दिल्ली पोलीस, म्हणजे गृह खातं. ट्रेन चालवणार रेल्वे. एकाच घराचा किराणा पाच जणांच्या वहीत लिहिलेला, आणि आपण एकच वही उघडून म्हणतोय, अरे वा, किती कमी खर्च! किंवा, बापरे, किती खर्च! दोन्ही चूकच.

याचं एक उदाहरण आपल्या मराठी माणसांना नीट आठवत असेल. मार्च २०१२, प्रतिभाताई पाटलांची टर्म संपत आलेली, आणि माहितीच्या अधिकारातून बातमी आली की त्यांच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी खर्च झाले. १२ दौरे, २२ देश. तेव्हा जळगावपासून पुण्यापर्यंत चहाच्या टपरीवर हाच विषय होता. पण तो आकडा बनला कसा बघा. १६९ कोटी एअर इंडियाच्या विमानांचे, ३६ कोटी परराष्ट्र खात्याकडून झालेले, राहणं, गाड्या, भत्ते वगैरे. म्हणजे वेगवेगळ्या ऑफिसांत अर्ज टाकून, आलेली उत्तरं जोडून मग बेरीज झाली. ती बेरीज राष्ट्रपतींच्या त्या पानावर आयती मिळाली नसती. आणि खरं सांगायचं तर राष्ट्रपती परदेशात स्वतःच्या मर्जीनं हिंडत नाहीत, कुठं जायचं ते सरकार ठरवतं, पण टपरीवर हे कोण ऐकतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती बेरीज करायला नागरिकाला अर्ज का टाकावा लागावा. पान चांगलं आहे, स्वच्छ आहे, त्याखाली फक्त चार ओळी वाढवा, बागेचे इतके, इमारतीचे इतके, विमानाचे इतके, घोडदळाचे इतके. मतदान नको घ्यायला, घटनेनं नको म्हटलंय ते बरोबरच आहे. पण चर्चा करायची परवानगी दिलीय ना, मग चर्चा करायला आकडा तर एका जागी पाहिजे.

फेब्रुवारीत, बजेटच्याच दिवसांत, इथली बाग लोकांसाठी उघडते. पूर्वी मुघल गार्डन म्हणायचे, २०२३ पासून अमृत उद्यान. ऑनलाइन बुकिंग, तिकीट नाही. ३५ नंबरच्या गेटवर रांग लागलेली असते, त्यात दोन बायका मराठीत बोलतायत, एकीच्या हातात चिवड्याची पिशवी, जी सिक्युरिटीवाला आत नेऊ देणार नाही हे तिला अजून माहीत नाहीये. आत ट्यूलिप फुललेत, लाल, पिवळे, ओळीनं.

ती पिशवी खाली ठेवता ठेवता दुसरीला विचारते, "अगं, एवढ्या फुलांना पाणी घालायचा पगार कोण देत असेल गं?"