एचआरचा पहिला फोन: ‘पगाराची अपेक्षा किती?’ विचारलं तर काय सांगायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच घोशा चाललाय, ‘दादा, पुण्याहून एचआरचा फोन येणार आहे, तयारी काय करू?’ एकानं तर शर्ट कुठला घालू विचारलंय. फोन आहे रे बाबा, बनियनवर बस!

सोपं आधी उरकतो. बायोडाटा समोर ठेवा, जाहिरात परत वाचा, कंपनी काय बनवते ते बघा. जागा मात्र आदल्या दिवशी ठरवा. आपल्या बेळगावात, खानापूरकडं पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की आपलं ‘हॅलो’सुद्धा पलीकडं पोचत नाही. वडगाव-शहापुरात खाली माग चालू असतील तर सरळ बाहेर पडा. झालं.

आता मुद्द्याचं. ‘करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती?’ हे विचारतातच. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. आणि आपली पोरं खात्यात जमा होणारा आकडा सांगून मोकळी होतात. अहो, त्यांनी सीटीसी विचारलंय की!

हिशेब बघा. सीटीसी वर्षाला 4,20,000, म्हणजे महिन्याला 35,000. त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, 15,000 धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, 1,800, बहुतेक कंपन्या ह्यातच मोजतात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, बेसिकच्या 4.81 टक्के, सातशेवीसच्या आसपास, तेही बऱ्याचदा ह्यातच. मग तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात उरले साडेतीस हजारांच्या आसपास. तुमच्या मनात ‘हातात पस्तीस’, त्यांनी लिहून घेतलं ‘सीटीसी पस्तीस’. मग पहिल्या पगाराला तोंड पाडून बसायचं.

दुसरी गंमत ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमच्या पैशांची. उद्यमबागेत फाउंड्रीत क्वालिटीला असलेल्या माझ्या एका मित्रानं ओटी धरून पगार सांगितला. पुढं सॅलरी स्लिप मागितल्या, तर ओटी वेगळ्या रकान्यात. बिचारा खोटं बोलला नव्हता, पण दिसलं तसंच. म्हणून स्लिप हातात धरूनच बोला. पक्का पगार एवढा, ओटी वेगळा.

‘आकडा सांगितला तर उद्धट वाटतं, कंपनीच्या नियमाप्रमाणं द्या म्हणतो’ अशी एक कमेंट आहे. का हो? बाजारात वांग्याचा भाव न विचारता पिशवी पुढं करता का? सरळ म्हणा, ‘माझी अपेक्षा सीटीसीत एवढी आहे, हातात साधारण किती येतील?’ हे विचारायला लाजू नका. विचारणाराच शहाणा दिसतो.

‘कन्नड येतं का विचारलं तर?’ असंही बरेच विचारतात. बेंगळुरूचा फोन असेल तर प्रश्न येऊ शकतो. जेवढं येतं तेवढंच सांगा, ‘बोलतो, वाचायला अडखळतो.’ आणि खाली त्यावरून भांडू नका रे, हा सीमाप्रश्नाचा व्हिडिओ नाही.

शेवटचं, परत पगाराचंच. आकडा ठरवण्याआधी गाव विचारा. निपाणीत घरी राहून कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्याचे तीस हजार वेगळे, आणि खोलीभाडं, मेस भरणाऱ्याचे वेगळे. कामाचं नेमकं ठिकाण मेलवर मागून घ्या. फोनवर ‘पुणे’ म्हणतात आणि निघतं चाकण. कोथरूडला मावशीकडं राहू म्हणून आकडा कमी सांगितलेल्यानं मग रोज जायचं कसं?